नाक गेलेल्या माणसाची सिगार

ज्या माणसाला स्वतःच्या गोठ्यातल्या शेणाचा वास येत नव्हता, त्या माणसानं तीन वर्षं मला चव शिकवली, ही गोष्ट मला आजही पचलेली नाही. आंधळ्यानं घराला रंग सुचवावा, बहिऱ्यानं पेटीचे सूर लावून द्यावेत, तसला हा प्रकार. आणि शिकवताना बोलणं असं, की समोरची तुळस ऐकून वाळून जावी. तुळस खरोखरच वाळली होती. मावशी, म्हणजे त्यांची बायको, म्हणायच्या पाणी कमी पडलं, पण मला माहीत आहे.

मी तेव्हा जुन्नरला दूध शीतकरण केंद्रावर तपासनीस होतो आणि त्यांच्या घरात वरच्या खोलीत भाड्यानं राहत होतो. म्हणून मी त्यांना 'मालक' म्हणायचो. ते मला 'पावणं' म्हणायचे. पहिल्या दिवशी म्हणाले तेव्हा बरं वाटलं. तीन वर्षं त्यांच्या नळाचं पाणी प्यालो, त्यांच्या गाईचं बाळंतपण केलं, त्यांच्या मिशीला मेंदी लावून दिली, तरी मी आपला पावणंच. हा अपमान त्यांनी कधी मागे घेतला नाही.

मालक उंचीनं पाच फूट, त्यातला दीड फूट मिशी. आयुष्यभर साखर कारखान्यात पॅनवर होते. आपल्याकडच्या नव्हे, दोन जिल्हे ओलांडून एक कारखाना होता, तो आता मोडून भंगारात गेला, तिथं. उसाचा रस आटवून मोठ्या बंद कढईत साखरेचा दाणा धरायचा, हे त्यांचं काम. कढईतला पाक जरासा बाहेर काढायचा, काचेवर घ्यायचा, उजेडाकडे धरायचा, मग अंगठ्यानं बोटावर चोळायचा आणि सांगायचं, दाणा धरला का नाही. निवृत्त होऊन गावी आल्यावर या गृहस्थांनी तीच काच सगळ्या जगाला लावली. पुढाऱ्याचं भाषण ऐकून म्हणायचे, "नुसता पाक." लग्नपत्रिका वाचून, "पाक." मावशी भांडी आपटायला लागल्या की मात्र मान डोलवून म्हणायचे, "हां, आता दाणा धरलाय."

त्यांच्या नाकाची गोष्ट त्यांनी मला राहायला आल्याच्या दुसऱ्या दिवशी चहावर सांगितली, जणू करारनाम्यातलं कलम असावं.

कारखान्यात नवी यंत्रं बसवायला एक परदेशी इंजिनिअर आला होता. एका सकाळी त्यानं आपली अर्धी ओढलेली सिगार मालकांच्या हातात दिली. मालकांनी ती शेवटपर्यंत ओढली. दुपारी, रस पांढरा करायला जो गंधकाचा धूर सोडतात, त्याचा पाइप फुटला आणि मालक नेमके त्यात सापडले. जीव वाचला, नाक गेलं. तेव्हापासून मोगरा, मुतारी आणि बासुंदी त्यांना एकच. जिभेला गोड, खारट, आंबट, कडू आणि तुरट एवढं कळायचं. बाकी सगळा अंधार.

इंजिनिअर निघून गेला. सिगारीचं नाव मालकांना ठाऊक नव्हतं. मग दवाखान्यातल्या खाटेवर पडल्या पडल्या, विसरायच्या आत, त्यांनी त्या सिगारीची चव एका कागदावर लिहून काढली. कागद बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात घातला, डबा चिकटपट्टीनं बंद केला. तेव्हापासून चाळीस वर्षं हा माणूस ती एक सिगार शोधत होता.

"मला वास येत न्हाई," ते म्हणाले. "मला दुसऱ्याचं नाक पायजे. तुमचं लई चांगलं हाय म्हणत्यात."

माझं नाक चांगलं होतं यात वाद नाही. केंद्रावर पहाटे कॅन यायचे. मी झाकण उचलून नुसतं हुंगून सांगायचो की या गाईनं काल कांद्याची पात खाल्लीय. ती पात ओतूरची की आळेफाट्याची, तेही सांगायचो. हे दुसरं वाक्य मी जरा वाढवून सांगतोय, पण पातीपर्यंतचं खरं. फक्त एक अडचण होती. आमच्या कामाच्या कागदावर दोनच रकाने: 'स्वीकृत' आणि 'परत'. नोकरीच्या बारा वर्षांत माझ्या नाकाला तेवढे दोनच शब्द आले होते.

मी म्हटलं, "मालक, सोपं आहे. कागदात काय लिहिलंय ते सांगा. त्या चवीची सापडली की मी बोट दाखवतो."

"ते न्हाई जमायचं. सांगितलं की तुमी तेच बोलणार. मानूस जे ऐकतो तेच चाखतो."

"मग मी शोधू काय?"

"आदी सोताची शोधा. तुमाला कोणची आवडती ते तुमाला कळू द्या. ज्याला आपली चव ठावं न्हाई, त्यो माझी काय शोधणार, राव?"

म्हणजे बघा. मी अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस, दोन पोरींचा बाप, बायको-पोरी पुण्यात, मी इथं नोकरीला. मला माझी चव ठाऊक नाही, हे मला सांगणार कोण, तर ज्याला रॉकेल आणि सरबत यांतला फरक बाटली बघून करावा लागतो तो माणूस. मी त्याच दिवशी खोली सोडणार होतो. पण फुकट सिगार कोण सोडतो? तोवर मी फक्त कॉलेजात दोन सिगारेटी ओढल्या होत्या, त्यातली एक उलटी पेटवून.

सिगारी यायच्या त्यांच्या भाच्याकडून. भाचा मालवाहू बोटीवर आचारी. जिथं बोट लागेल तिथं हा बंदरातल्या दुकानात शिरून हाताला लागतील तशा चार-सहा निरनिराळ्या सिगारी घ्यायचा आणि सुटीवर येताना बॅगेत भरून आणायचा. मालक त्या एका जुन्या माठात ठेवायचे. तळाशी ओलं फडकं, त्यावर सागाची फळी, फळीवर सिगारी, वर झाकण. उन्हाळ्यात त्या माठाला जेवढं जपलं जायचं तेवढं मला कुणी जपलं असतं तर माझा रक्तदाब आज असा नसता. मावशी म्हणायच्या, "भाऊ, त्यो माठ माझ्या लग्नातला. पाणी असं गार व्हायचं त्यात. आता बघा, इड्यांचं बाळंतपण."

मावशी सगळ्या सिगारींना 'इडी', म्हणजे विडीच, म्हणायच्या, लहान असो मोठी असो. घरात ओढायला बंदी. बैठक गोठ्याच्या रिकाम्या बाजूला, दुपारी चारला, मी केंद्रावरून आलो की. आणि मावशींनी ओझरच्या विघ्नहराला नारळ बोलून ठेवला होता: ती मेली इडी एकदा सापडू दे, सापडली की हे सगळं बंद. मालकांनी तसा शब्द दिला होता. बायकोला, आणि देवाला, दोघांनाही.

पहिली सिगार मी छातीत ओढली. कुणी सांगितलंच नाही की हा धूर तोंडात खेळवून सोडून द्यायचा असतो, गिळायचा नसतो. सातव्या झुरक्याला गोठा फिरायला लागला. तेराव्याला मी गाईच्या गळ्यात पडलो आणि तिला माझ्या थोरल्या मुलीच्या नावानं हाक मारली. गाय बिचारी गप्प उभी राहिली. मालक गुळाचा खडा घेऊन आले, माझ्या तोंडात कोंबला, आणि मी डोळे उघडल्या उघडल्या त्यांनी काय विचारावं?

"कशी व्हती?"

मी म्हटलं, "छान."

त्यांनी माझ्या बोटांतून सिगार काढली आणि पाण्याच्या तांब्यात बुडवली. चर्र झालं. म्हणाले, "पाक."

हे दीड वर्ष चाललं. सिगारीवरची कागदी अंगठी ते आधीच काढून टाकायचे, म्हणजे नाव वाचून मी शहाणपणा करू नये. सिगार कानाजवळ धरून बोटांत फिरवायचे, ऐकायचे, मग मला द्यायचे. लायटर चालायचा नाही, काडीच पाहिजे. एका मिनिटाला एकच झुरका. मी घाई केली की म्हणायचे, "पावणं, गाडी सुटत न्हाई तुमची." सगळं बरोबर करायचं, आणि शेवटी मी "छान आहे" किंवा "बरी आहे" म्हटलं, की तांब्या. चर्र. अहो, त्या तांब्यात बुडालेल्या सिगारींचं पाणी मावशींनी वांग्याला घातलं, तर वांगी तीन महिने किडीशिवाय उभी होती. आणि बिबट्या. आमच्या मागच्या उसात येणारा बिबट्या त्या वर्षी आला नाही. त्याच्यासाठी लावलेला पिंजरा आठ महिने रिकामा, आतली शेळी खाऊन खाऊन एवढी फुगली की दारातून निघेना. लोकांना वाटलं बिबट्यानं मुक्काम हलवला. मी सांगतो, त्याला नाक होतं. मालकांना नव्हतं, एवढाच फरक.

मीही काही कच्चा नव्हतो. मोबाइलवर सिगारींबद्दल बोलणारे लोक असतात. एक एक झुरका घेऊन डोळे मिटतात आणि दहा दहा चवी सांगतात. मी चार रात्री ऐकून पाठ केलं आणि पाचव्या दिवशी गोठ्यात बसून, डोळे मिटून म्हटलं, "देवदाराचं लाकूड. चामडं. शेवटी कोकोची छटा."

मालकांनी मिशीवरून हात फिरवला. मला वाटलं, जिंकलो.

"देवदार कुठं हुंगला तुमी?"

"कुठं म्हणजे, असतो तो. हिमालयात."

"गेला व्हता का?"

"नाही."

"चामडं म्हणलात. म्हशीचं का शेळीचं?"

"चामडं म्हणजे आपलं... चामडं."

"कमावलेलं का ओलं? वहाणंचं का ढोलकीचं?"

मागून गाय हंबरली. ते तिच्याकडे वळून म्हणाले, "बघ गं, ह्यांना तुजंच कातडं वळखू येत न्हाई, आन तुज्या दुधाला पास-नापास करत्यात."

मला सांगा, हे बोलणं झालं? एका सरकारमान्य प्रशिक्षण घेतलेल्या माणसाशी? गाईसमोर?

पण खरा कडेलोट झाला तो पारगावच्या बागायतदारामुळे. मालकांचे लांबचे मेहुणे लागायचे ते. ऊस भरपूर, गाई साठ, त्यांचं दूध माझ्याच केंद्रावर यायचं. ते एक दिवस लाकडी पेटी घेऊन आले. पेटीत सिगारी, प्रत्येकीला सोन्याचा पट्टा, नुसतं बघून डोळ्यांना उजेड यावा अशा. नातवाच्या बारशाला वाटायच्या होत्या आणि त्याआधी मालकांचं मत पाहिजे होतं. मालकांनी पट्टा काढला, कानाशी फिरवली आणि मला दिली.

मी ओढली. मला काहीच वाटलं नाही. कोमट पाणी प्यायल्यासारखं. पण साठ गाईंचा मालक समोर बसलेला, पेटीवर आतून मखमल लावलेली. मी म्हटलं, "एकदम भारी."

"भारी म्हंजे किती किलो?" मालकांनी विचारलं.

बागायतदार हसले. मी लाल झालो. मी म्हटलं, "भारी म्हणजे उच्च. वरच्या दर्जाची."

"आवडली का?"

"आवडली म्हणजे काय, अशी रोज कुठं मिळते?"

"ते न्हाई इचारलं. आवडली का?"

"हो."

मालकांनी तांब्या पुढे केला नाही. तो केला असता तरी चाललं असतं. ते नुसते मेहुण्यांकडे वळले आणि म्हणाले, "दाजी, तुमी ह्यांना बारशाला बोलवा. तुमची पेटी आन ह्यांचं तोंड, दोन्ही बाहेरून लई चांगलं हाय."

मी उठलो. जिन्यात चार पायऱ्या एकदम चढलो. आठ दिवस त्या माणसाशी एक शब्द बोललो नाही. चार वाजता गोठ्यातून काडी ओढल्याचा आवाज यायचा, मी खिडकी आपटायचो. ते पुन्हा काडी ओढायचे, मी पुन्हा आपटायचो. बिजागरी तुटली, ती मी माझ्या हातानं बसवली, मालकांना सांगितलं नाही.

नवव्या दिवशी मालक तालुक्याला गेलेले. माझ्या डोक्यात राग एवढा, की मी सरळ माठाचं झाकण काढलं. ठरवलं, यातली सगळ्यात टाकाऊ निवडायची आणि ओढून दाखवायची. कुणाला दाखवायची ते ठरवलं नव्हतं. तळाशी एक काळा, वाकडा, दोन्ही टोकांना तुटका चिरूट पडला होता. दक्षिणेकडच्या कुठल्या तरी बाजारातून भाच्यानं चिल्लरीऐवजी घेतलेला. तो घेऊन मी मागच्या कांद्याच्या चाळीपाशी स्कूटरवर बसलो आणि पेटवला.

पहिला झुरका, आणि माझा हात खाली आला.

कुणी विचारत नव्हतं. समोर फक्त चाळ, तिच्या जाळीतून दिसणारे कांदे आणि ऊन. मी तो चिरूट बोटाला चटका बसेपर्यंत ओढला. मग आणखी एक आहे का म्हणून माठ उपसला. नव्हता. मला राग आला. कांदे तेच, ऊन तेच, आणि मला चक्क वाईट वाटत होतं की तो संपला.

संध्याकाळी मालक आले तेव्हा मी गोठ्याच्या दारात उभा होतो. बोलायचं नव्हतं, पण म्हटलं, "तो तळातला काळा चिरूट मी ओढला."

"मंग?"

"शेंगा भाजून काढल्यावर रिकामी कढई चुलीवर राहते ना, तिच्यात टरफलं जळतात, तसं. आमच्या आईच्या मागच्या अंगणातली कढई. आणि जिभेच्या मागं जरा तिखट, मिरचीच्या बीसारखं. तुमच्या मेहुण्यांची ती सोन्याच्या पट्ट्याची कोमट पाण्यासारखी होती. मला हा आवडला. काय म्हणायचं ते म्हणा."

मालकांनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली, परत घातली. म्हणाले, "धरला दाणा." आणि आत जाऊन मावशींना ओरडून सांगितलं, "अगं, पावण्यांना तोंड फुटलं."

दीड वर्ष. एवढं एक वाक्य ऐकायला मला दीड वर्ष लागलं, आणि तेही तान्ह्या पोराला म्हणतात तसलं.

त्यानंतर खरा शोध सुरू झाला. आता मी सुटलो. एक सिगार म्हणजे एसटी स्टँडवरचं बाकडं पावसात भिजून वाळलेलं. एक म्हणजे शाळेच्या पेटीतला खोडरबर. एक चक्क नवीन वहीसारखी. मालक डोळे मिटून ऐकायचे, बोटानं मांडीवर काही तरी चोळत राहायचे आणि शेवटी म्हणायचे, "चांगला दाणा हाय. पण ही न्हवं." आणि तीच सिगार तांब्यात न बुडवता स्वतः ओढत बसायचे. वास येत नव्हता तरी. मी एकदा विचारलं, "तुम्हाला काय लागतं हो यात?" म्हणाले, "गरम लागतं."

मग त्यांना वाटायला लागलं की माझं नाक मळलंय. जुन्नरात कांदा, टोमॅटो, द्राक्षाची फवारणी, दूध, सगळं त्यात भरलेलं. म्हणून महिन्यातून एकदा मला घाटघरला न्यायचे, नाक धुवायला. म्हणजे मी त्यांना न्यायचो, माझ्या स्कूटरवर, माझ्या पेट्रोलवर. नाणेघाटाच्या तोंडाशी बसायचं आणि कोकणातून वर येणारा वारा अर्धा तास हुंगायचा. तो वारा तुम्हाला माहीत असेल. वरून ओतलेलं पाणी खाली जात नाही, परत अंगावर येतं. तिथं सिगार पेटवायची तर अठरा काड्या. पेटली की ती मी ओढत नव्हतो, नाणेघाट ओढत होता. सात मिनिटांत अख्खी सिगार संपली आणि राख सगळी मालकांच्या मिशीत. भात लावायला आलेला घाटघरचा एक म्हातारा बांधावर उभा राहून बघत होता. म्हणाला, "पावणं, घरी चूल न्हाई का?" मालक पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसले. दुसरा कुणी मला पावणं म्हणाला, त्याचा त्यांना आनंद झाला असणार.

तिसऱ्या वर्षाच्या शेवटी माझी बदली मंचरला झाली. आठ दिवसांत हजर व्हायचं होतं. मंचर काही विलायत नाही, पण रोज चार वाजता गोठ्यात बसणं संपणार होतं. त्या आठ दिवसांत त्यांनी माठात उरलेल्या अकरा सिगारी माझ्याकडून ओढून घेतल्या. एकेका दिवशी दोन दोन. माझी जीभ चपलेच्या तळासारखी झाली. एकही 'ती' नव्हती.

मावशी एका सकाळी जिन्यात मला थांबवून म्हणाल्या, "भाऊ, डबा माज्या कपाटात हाय. हळूच दावते. काय लिवलंय ते वाचा, तेच बोला, आन संपवा एकदाचं. मी नारळ फोडून येते. म्हातारा समाधानानं झोपंल तरी."

खोटं कशाला बोलू, पाय थबकले. पण मला एकदम राग आला. तीन वर्षं मी तांब्यातली चर्र ऐकली होती. मी म्हटलं, "मावशी, फसवून पास व्हायचं असतं तर मी दुधातच पाणी चालू दिलं असतं."

त्या म्हणाल्या, "तुमी दोघं बी सारखेच मेले," आणि खाली गेल्या.

शेवटच्या दिवशी माझी ट्रंक बांधून झाली होती. दुपारी भाच्यानं कुणा सोबत्याच्या हाती पाठवलेलं पुडकं आलं. आत एकच सिगार. जाड, मळकी, पान उलून फाटलेलं, जणू कुणी खिशात ठेवून धुतली. सोबत चिठ्ठी: 'मामा, म्हातारा दुकानदार म्हणाला ही कुणी घेत नाही.'

चारला बसलो. मालकांनी कानाशी फिरवली, नेहमीपेक्षा जास्त वेळ. काडी त्यांनीच ओढली. मावशी चहा घेऊन आल्या आणि गेल्या नाहीत.

मी पहिला झुरका घेतला आणि थुंकलो. "परत," मी म्हटलं. "सरळ परत. कॅन उघडायचाही नाही."

"कशासारखी?"

"मालक, माझी गाडी पाचची आहे."

"कशासारखी?"

मी दुसरा झुरका घेतला, तिसरा घेतला, आणि तीन वर्षांचा सगळा राग एकदम वर आला. मी म्हटलं, "कशासारखी? ऐकायचंय? ओली घोंगडी. पावसात भिजलेली, कोपऱ्यात चार दिवस गोळा करून टाकलेली. मग मधे काकवी, तळाला लागलेली, गुऱ्हाळवाला झोपला की लागते तशी. आणि शेवटी तोंडात गंजलेला खिळा धरल्यासारखं. इतकी घाणेरडी वस्तू माझ्या तोंडात आजवर गेली नाही. तुमच्या भाच्याला कळवा."

मालक मावशींकडे वळले. मग म्हणाले, "डबा आन."

मावशींनी डबा आणला. चिकटपट्टी पिवळी पडून पत्र्याला चिकटलेली, ती विळीनं कापली. आत घडी घातलेला एकच कागद. मालकांनी तो माझ्या हातात दिला. शाई पुसट, अक्षर तरुण माणसाचं. तीन शब्द एकाखाली एक. मी मोठ्यानं वाचले.

"घोंगडी. लागलेली काकवी. तुरटी."

मी म्हटलं, "मी खिळा म्हणालो. इथं तुरटी आहे."

मालक बोटावर अंगठा चोळत राहिले. त्यांची नजर माझ्यावरून कागदावर, कागदावरून सिगारीवर. तेवढ्या एका शब्दासाठी चाळीस वर्षं 'परत'च्या रकान्यात गेली असती. मावशींनी पदर खोचला आणि म्हणाल्या, "चाळीस वर्सांत तुरटीला बी गंज चढतो. सापडली म्हना की आता."

"थांब," मालक म्हणाले. मला विचारलं, "आवडली का?"

"नाही. सांगितलं ना, घाण आहे."

"कागद उलटा करा."

मी उलटा केला. मागे एकच ओळ होती: 'आवडली न्हाई.'

मी तो कागद हातात धरून उभा राहिलो. तीन वर्षं. माझी जीभ, माझं नाक, माझं पेट्रोल, नाणेघाटाचा वारा, बिबट्याची उपासमार. कशासाठी, तर या माणसाला न आवडलेल्या सिगारीसाठी. मी म्हटलं, "मालक, वाईट होती तर शोधली कशाला चाळीस वर्षं?"

"वाईट व्हतीच," मालक शांतपणे म्हणाले. "म्या त्या इंजिनिअरला शिव्या दिल्या मनात. म्हणलं दुपारच्या जेवणानं तोंड चांगलं करू. पर दुपारी पाइप फुटला. मंग भाकरीचा बी वास आला न्हाई, लेकराच्या टाळूचा बी न्हाई, हिच्या डोक्यातल्या तेलाचा बी न्हाई. शेवटचा वास तेवढाच राह्यला माज्याकडं. घाणेरडा असला म्हणून काय झालं? माजा व्हता. मला वाटायचं, चाळीस वर्सांत म्याच मनानं तयार केला असंल. आता तुमी बी म्हणताय. म्हंजे खरा व्हता."

मावशींनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि त्यांच्या शेजारी, गोठ्याच्या जमिनीवर, बसल्या. 'सापडली की बंद' या शब्दाची आठवण त्यांनी मला करून दिली नाही, मालकांनाही दिली नाही. गरज नव्हती. सगळ्यांना माहीत होतं की ही शेवटची.

मालकांनी माझ्या हातातून सिगार घेतली. तोंडात धरली, डोळे मिटले.

"सांगा," म्हणाले.

"आता काय सांगू? सांगितलं की सगळं."

"मला काय, गरमच लागणार. तुमी सांगा, म्या ओढतो."

माझी पाचची गाडी होती. ट्रंक जिन्यात होती. मी काय, कुणाचा नोकर होतो? मी म्हटलं, ओली घोंगडी. ते ओढत होते. म्हटलं, कोपऱ्यात पडलेली, चार दिवस. म्हटलं, आता काकवी येतेय, तळ धरतेय. त्यांची मिशी हलली. म्हटलं, आता खिळा. ते म्हणाले, "तुरटी." मी म्हटलं, बरं, तुरटी. सिगार बोटभर उरली होती. पाचची गाडी केव्हाच गेली होती. माझा घसा बसला होता, आणि हा माणूस डोळे न उघडता, मला जन्माची सवड असल्यासारखा म्हणतो,

"घाई करू नका, पावणं. घोंगडीपासनं परत सांगा."